हिटलरचे प्रकरण छापले गेलेच नव्हते : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला तीन ठिकाणांहून आला. पहिल्या दोन वेळा मी तो अर्धा वाचून सोडून दिला. तिसऱ्या वेळी तो माझ्या मेहुण्यांनी घरच्या गटावर टाकला आणि खाली माझ्या भाचीसाठी एक ओळ लिहिली : "अर्ज भरण्यापूर्वी हे वाच." भाचीने समाजशास्त्रात बी. ए. केले आहे आणि तिला पुढे स्त्री-अभ्यासात एम. ए. करायचे आहे. रात्री तिचा फोन आला. "मावशी, हे खरं आहे का?" एवढेच तिने विचारले. मी महाविद्यालयात जवळपास तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. आकडा समोर आला की त्याच्या खालचा छेद विचारायचा, हे मुलांना सांगण्यात माझे आयुष्य गेले. तरी त्या रात्री माझ्याकडे तिच्यासाठी उत्तर नव्हते, कारण मूळ कागद मीही वाचलेले नव्हते. ते आता वाचले आहेत.

संदेशाचा आशय असा आहे : जेम्स लिंडसे नावाच्या अमेरिकी गणितज्ञाने दोन सहकाऱ्यांसह वीस बनावट शोधनिबंध लिहिले आणि ते वीसही नामांकित नियतकालिकांनी छापले, त्यांपैकी एक म्हणजे हिटलरच्या 'माइन काम्फ'चे एक प्रकरण होते, त्यात 'ज्यू' या शब्दाच्या जागी 'पुरुष' हा शब्द घालून ते जसेच्या तसे एका स्त्रीवादी नियतकालिकात प्रसिद्ध झाले, ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने हेच १९९६ मध्ये सिद्ध केले होते, खऱ्या विज्ञानात असे घडूच शकत नाही, सत्य उघड केल्याबद्दल यांच्यातल्या प्राध्यापकाला विद्यापीठाने हाकलले, आणि म्हणून स्त्री-अभ्यास, समाजशास्त्र हे विषय निव्वळ थोतांड असून मुलामुलींना तिकडे पाठवणे म्हणजे त्यांचे आयुष्य वाया घालवणे आहे.

मूळ घटना खरी आहे. जेम्स लिंडसे, हेलन प्लकरोझ आणि पीटर बॉगोसियन या तिघांनी २०१७ च्या ऑगस्टपासून सुमारे वर्षभर बनावट नावांनी आणि उसन्या नावाने वीस निबंध लिहून लिंगभाव, वंश, लैंगिकता, शरीराची जाडी अशा विषयांवरच्या नियतकालिकांकडे पाठवले आणि २ ऑक्टोबर २०१८ रोजी 'एरिओ' या ऑनलाइन नियतकालिकात आपण काय केले ते स्वतःच जाहीर केले. या विषयांना त्यांनी 'ग्रीव्हन्स स्टडीज', म्हणजे गाऱ्हाण्यांचे अभ्यास, असे नाव दिले. त्यांनी आपल्या निबंधांची यादी, छापण्यापूर्वी निबंध तपासणाऱ्या समीक्षकांचे शेरे आणि प्रत्येक निबंधाचे पुढे काय झाले याचा तपशील लोकांसमोर ठेवला. संदेशातली बरीच विधाने त्यांच्या स्वतःच्याच निवेदनाशी जुळत नाहीत, ही मला सर्वांत चीड आणणारी गोष्ट वाटते. संदेश लिहिणाऱ्याने लिंडसे यांचे म्हणणेसुद्धा वाचलेले नाही.

हिटलरचा मुद्दा आधी घेते, कारण संदेशाचा सगळा धक्का त्यातच आहे आणि भाचीही त्यालाच घाबरली होती. पहिली गोष्ट म्हणजे तो निबंध छापला गेलाच नाही. 'अफिलिया' या स्त्रिया आणि समाजकार्य या विषयावरच्या नियतकालिकाने तो स्वीकारला होता. तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच सगळा प्रकार उघड झाला. स्वीकारणे ही संपादकांची चूकच आहे आणि ती मी लपवत नाही, पण 'छापले' आणि 'स्वीकारले' यांतला फरक एखाद्या साध्या बातमीतही पाळला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे तो निबंध 'जसाच्या तसा' नव्हता. लेखकांनीच लिहिले आहे की निबंधाचा पहिला एक तृतीयांश भाग त्यांची स्वतःची सैद्धांतिक मांडणी आहे. उरलेला भाग 'माइन काम्फ'च्या पहिल्या खंडातील बाराव्या प्रकरणातल्या सुमारे ३,६०० शब्दांवर बेतलेला आहे आणि तोही मूळ मजकुरापासून बराच दूर गेलेला आहे.

आता ते बारावे प्रकरण कशाबद्दल आहे, हे पाहणे गरजेचे आहे. त्या पुस्तकाचे मराठी भाषांतरही बाजारात सहज मिळते. ज्यांच्या हाताशी पूर्ण आवृत्ती असेल त्यांनी ते प्रकरण काढून पाहावे. त्यात हिटलरने आपल्या पक्षाच्या सुरुवातीच्या काळाचे वर्णन करून चळवळ कशी उभारावी, सभासदांकडून काय अपेक्षा ठेवावी, अर्धवट तडजोडी का टाळाव्यात, याची मुद्देवार मांडणी केली आहे, आणि बनावट निबंधात घेतली गेली ती ही मांडणी. चळवळीला ठाम ध्येय हवे, केवळ व्यक्तिगत सोयीसाठी तिचा वापर करू नये, सभासदांनी एकमेकांच्या पाठीशी उभे राहावे, ही वाक्ये त्या पुस्तकातून उचलून पक्षाच्या जागी स्त्रीवादी एकजूट बसवली, तर जे उरते ते कोणत्याही कामगार संघटनेच्या किंवा सहकारी चळवळीच्या पत्रकात सापडावे असे उपदेशपर गद्य असते. हिटलरला ज्या गोष्टीसाठी जग ओळखते तो वंशद्वेष आणि संहाराची भाषा त्यात शिल्लकच नाही. ती शिल्लक ठेवून पाहण्याचाही एक प्रयत्न याच तिघांनी केला होता : त्याच पुस्तकातले उतारे घेऊन, ज्यूंबद्दलच्या विधानांच्या जागी गोरेपणाबद्दलची विधाने घालून, एक निबंध 'सोशिऑलॉजी ऑफ रेस अँड एथ्निसिटी' या नियतकालिकाकडे पाठवला गेला, आणि तो नाकारला गेला. म्हणजे संदेशात सांगितलेल्या करामतीशी खरोखर मिळताजुळता जो निबंध होता, तो समीक्षेतच अडला. हे वाक्य कोणत्याही संदेशात मला आढळले नाही.

आणि या युक्तीतून नेमके काय सिद्ध होते, याचे उत्तर सहा वर्षांनी लिंडसे यांनीच दिले. मधल्या काळात ते अमेरिकेतल्या उजव्या राजकारणात सांस्कृतिक संघर्षावर बोलणारे आणि लिहिणारे म्हणून प्रसिद्ध झाले होते, आणि मग त्यांचे तिथल्याच एका गटाशी वाजले. त्या गटाला ते 'वोक उजवे' म्हणू लागले ('वोक' हा तिकडे एरवी डाव्यांना हिणवायचा शब्द). २०२४ च्या अखेरीस त्यांनी मार्क्स आणि एंगल्स यांच्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा सुरुवातीचा भाग घेतला, भांडवलदार वर्गाच्या जागी उदारमतवादी आणि कामगार वर्गाच्या जागी नवे ख्रिस्ती उजवे बसवले, आणि मार्कस कार्लसन या बनावट नावाने तो 'अमेरिकन रिफॉर्मर' या पुराणमतवादी ख्रिस्ती नियतकालिकाकडे पाठवला. त्यांनी तो छापला. लिंडसे यांनी डिसेंबरमध्ये प्रकार उघड केल्यावरही संपादकांनी तो लेख काढून टाकला नाही. आता संदेशाचाच न्याय लावायचा तर अमेरिकेतले हे कडवे ख्रिस्ती पुराणमतवादी मनातून मार्क्सवादी आहेत असे म्हणावे लागेल, आणि ते कोणीही म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. 'एक बलवान गट आपल्याला दडपतो आहे, म्हणून आपण एकत्र येऊन उठले पाहिजे' हा साचा डावे, उजवे, धार्मिक, निधर्मी सगळेच वापरतात. साचा जुळला म्हणून आतला माल एक ठरत नाही. २०१८ च्या निबंधाला हे जितके लागू आहे तितकेच २०२४ च्या लेखालाही, आणि दोन्ही एकाच माणसाने लिहिले असल्यामुळे यावर वेगळा पुरावा शोधायची गरज उरत नाही.

आता वीसपैकी वीस हा आकडा. प्रकार उघड झाला तेव्हा वीसपैकी सात निबंध स्वीकारले गेले होते आणि त्या सातांपैकी चार प्रसिद्ध झाले होते. सहा निबंध सुधारण्यापलीकडचे म्हणून लेखकांनीच बाजूला ठेवले होते. उरलेले सात कुठे ना कुठे अडकलेले होते : काहींवर दुरुस्त्या मागितल्या होत्या, काही पुन्हा पाठवायलाच वेळ उरला नव्हता. चार छापील निबंधांचे वीस कसे झाले, हे मला समजत नाही. कोणीतरी 'वीस लिहिले' हे 'वीस छापले' असे वाचले आणि पुढे कोणी तपासले नाही, एवढाच त्याचा खुलासा असावा. शिवाय हा छेदही खरा छेद नाही, कारण एका नियतकालिकाने नाकारलेला निबंध दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे पाठवला जात होता. म्हणजे एकेका यशामागे नकारांची रांग आहे. परीक्षेत पास झालेल्यांची संख्या सांगताना नापास झालेले प्रयत्न मोजायचेच नाहीत, असा नियम मी माझ्या वर्गात कधी चालू दिला नसता.

या प्रयोगाची सर्वांत शिस्तशीर तपासणी फिनलंडमधील समाजशास्त्रज्ञ मिक्को लागरस्पेत्स यांनी केली आहे. त्यांचा लेख 'सायन्स, टेक्नॉलॉजी अँड ह्यूमन व्हॅल्यूज' या नियतकालिकात आला, आणि तिघांनी स्वतः खुल्या केलेल्या कागदपत्रांवरूनच त्यांनी प्रयोगाची पुनर्मांडणी केली, म्हणून त्यावर मी इतका भर देते आहे. त्यांच्या निष्कर्षांपैकी चार इथे महत्त्वाचे आहेत. ज्या नियतकालिकांचा प्रभावांक जास्त होता, म्हणजे ज्यांतल्या लेखांचा हवाला इतर संशोधक जास्त वेळा देतात, त्यांनी हे निबंध नाकारण्याचे प्रमाण जास्त होते. ज्या निबंधांत प्रत्यक्ष पाहणीतून गोळा केलेली माहिती असल्याचा दावा होता, ते स्वीकारले जाण्याची शक्यता जास्त होती. समीक्षकांच्या सूचना पाळून निबंध पुन्हा पुन्हा दुरुस्त करताना लेखक त्या विषयात स्वीकारार्ह लेखन कसे करायचे ते बऱ्यापैकी लवकर शिकले, आणि त्यामुळे थट्टेचा निबंध आणि गंभीर निबंध यांतली सीमा पुसट होत गेली. आणि शेवटी, प्रयोग ज्या तऱ्हेने संपला त्यावरून दिसते की बनवाबनवी कधी ना कधी संशोधकांच्या जगात उघडी पडतेच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या निष्कर्षाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. लिंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः मान्य केले आहे की सुरुवातीला त्यांनी उघडउघड मूर्खपणाचे निबंध पाठवून पाहिले आणि ते चालले नाहीत. तेव्हा त्यांनी पद्धत बदलली, त्या विषयांतले साहित्य खोलवर वाचले आणि मग लिहिले. ही कबुली फार मोठी आहे. संदेश म्हणतो की या विषयांत काहीही खपते, आणि ज्यांच्या नावाने संदेश फिरतो ते म्हणतात की काहीही खपत नव्हते, म्हणून आम्हाला अभ्यास करावा लागला. त्यातही जे निबंध पुढे गेले त्यांतल्या काहींना बनावट माहितीचा आधार होता. एखाद्या माणसाने 'मी हजार तास बसून नोंदी केल्या' असे लिहिले, तर समीक्षक त्या नोंदींचा अर्थ बरोबर लावला आहे का ते पाहतो. माणूस तिथे बसलाच नव्हता हे त्याला टेबलापाशी बसून कळत नाही. वैद्यकशास्त्रातही नाही, भौतिकशास्त्रातही नाही. काही निबंधांसाठी तर एका खऱ्याखुऱ्या निवृत्त प्राध्यापकाने आपले नाव वापरू दिले होते. समीक्षकाने नाव शोधून पाहिले असते तरी त्याला खरा माणूस आणि खरे महाविद्यालय सापडले असते.

आणि एक उणीव अशी आहे की तिच्यामुळे पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हा प्रयोग नाकारून परत पाठवील : तुलनेचा गटच नाही. याच काळात याच प्रकारे बनवलेले निबंध अर्थशास्त्र, मानसशास्त्र, जीवशास्त्र यांच्या तेवढ्याच दर्जाच्या नियतकालिकांना पाठवले असते आणि तिथे ते नाकारले गेले असते, तर 'हे विषय इतरांपेक्षा ढिले आहेत' असे म्हणता आले असते. तसे केलेच नाही. म्हणून 'इतरांपेक्षा' हा शब्द या प्रयोगातून निघूच शकत नाही.

इथून संदेशाचे पुढचे विधान येते, की खऱ्या विज्ञानात असे घडणे अशक्य आहे. हे विधान इतके सरळ खोटे आहे की त्यावर फार वेळ घालवायला नको, पण त्यात आपल्या देशाचा उल्लेख येतो म्हणून ते सांगितलेच पाहिजे. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने 'सायन्स' या नियतकालिकासाठी एक बनावट निबंध तयार केला. दगडफुलासारख्या लायकेनमधून काढलेला एक रेणू कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो, असा त्यात दावा होता आणि शाळेपलीकडे थोडे रसायनशास्त्र शिकलेल्या कोणालाही दिसाव्यात अशा चुका मुद्दाम पेरल्या होत्या. तो ३०४ मुक्त-प्रवेश, म्हणजे वाचकांना फुकट खुल्या असणाऱ्या, नियतकालिकांकडे गेला. १५७ जणांनी स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. पाहणीतली सुमारे एक तृतीयांश नियतकालिके भारतातून चालवली जात होती, आणि त्यांपैकी ६४ जणांनी तो स्वीकारला, केवळ १५ जणांनी नाकारला. याही प्रयोगात तुलनेचा गट नव्हता, आणि ती टीका त्यावर रास्तपणे झाली आहे. तरी कर्करोगाचे संशोधन थोतांड आहे, असा निष्कर्ष त्यावरून कोणी काढला नाही, हे लक्षात घ्यावे. संगणकशास्त्रात तर एका आज्ञावलीने यांत्रिकपणे जुळवलेले निरर्थक निबंध परिषदांच्या संग्रहांत सापडले आणि २०१४ मध्ये दोन मोठ्या प्रकाशकांना शंभराहून अधिक निबंध काढून टाकावे लागले. २०२० मध्ये करोनावरच्या औषधाबद्दलचा, हजारो रुग्णांच्या माहितीवर आधारल्याचे सांगणारा एक लेख 'लॅन्सेट'मध्ये आला आणि दोन आठवड्यांच्या आत मागे घ्यावा लागला, कारण ती माहिती तपासायला कोणाला मिळतच नव्हती. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची पुण्यातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली. त्यांचा निबंध २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला, आणि विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेली जी नियतकालिके त्यांनी तपासली त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात, असे त्यात म्हटले आहे. त्या यादीत सगळ्याच शाखा होत्या. हा आजार पैसे घेऊन छापण्याच्या धंद्याचा आणि बढतीसाठी निबंध मोजण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो एका विषयाच्या माथी मारल्याने बरा होत नाही.

सोकल यांच्याबद्दल थोडक्यात. त्यांचा १९९६ चा विडंबनपर लेख 'सोशल टेक्स्ट' या सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकाने बाहेरच्या तज्ज्ञांना न दाखवताच छापला होता. तेव्हा त्या नियतकालिकात तशी पद्धतच नव्हती. त्यामुळे समीक्षापद्धती फसली असे त्यातून म्हणता येत नाही. सोकल यांनी नंतर स्वतः लिहिले की केवळ तो लेख छापला गेला एवढ्यावरून फारसा निष्कर्ष काढता येत नाही, संपूर्ण क्षेत्र निरर्थक आहे असे तर मुळीच नाही. एका आडबाजूच्या नियतकालिकाचे संपादक आपल्या कर्तव्यात चुकले, एवढेच त्यातून दिसते. ज्याच्या नावाने दाखला द्यायचा, त्याचे स्वतःचे मत मात्र सांगायचे नाही, हा प्रकार मला अप्रामाणिकपणाचा वाटतो.

प्राध्यापकाला हाकलल्याची गोष्टही चुकीची आहे. तिघांपैकी बॉगोसियन एकटेच विद्यापीठात नोकरीला होते, पोर्टलंड स्टेट विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होते, आणि त्यांनी २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे प्रकार उघड झाल्यावर जवळजवळ तीन वर्षांनी, स्वतः राजीनामा दिला. विद्यापीठाने त्यांच्यावर ठपका ठेवला होता तो माणसांवर प्रयोग करण्यापूर्वी घ्यावी लागणारी परवानगी न घेतल्याचा. तो अतिरेकी आहे असे रिचर्ड डॉकिन्स, स्टीव्हन पिंकर यांच्यासारख्या नामवंत अभ्यासकांना वाटले आणि त्यांनी तसे लिहिले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असू शकेल. पण ठपका आणि हकालपट्टी यांत अंतर आहे. लिंडसे 'गणितज्ञ' आहेत हे अर्धे खरे आहे : टेनेसी विद्यापीठातून त्यांनी २०१० मध्ये गणितात पीएच. डी. घेतली आणि मग विद्यापीठीय जग सोडले. गणिताच्या पदवीमुळे समाजशास्त्राबद्दलचे मत आपोआप नि:पक्ष ठरत नाही, हे मी गणिताच्या शेजारचा विषय शिकवलेली बाई म्हणून सांगते.

आता जे मान्य करावे लागते ते मान्य करते, जरी मला ते जड जात असले तरी. पोर्टलंडमधील कुत्र्यांच्या बागांवरचा निबंध 'जेंडर, प्लेस अँड कल्चर' या नियतकालिकाने २०१८ मध्ये छापला, आणि नुसता छापला नाही, तर नियतकालिकाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त निवडलेल्या बारा विशेष लेखांत त्याला जागा दिली. त्या निबंधात एका काल्पनिक संशोधिकेने वर्षभरात सुमारे हजार तास बागांत बसून दहा हजारांच्या आसपास कुत्र्यांची जननेंद्रिये तपासली आणि मालकांना त्यांच्या लैंगिकतेबद्दल प्रश्न विचारले, असा दावा होता. हजार तासांत दहा हजार कुत्री म्हणजे तासाला दहा, दर सहा मिनिटांना एक. त्या सहा मिनिटांत कुत्रे पकडायचे, तपासायचे, मालकाशी बोलायचे, नोंद करायची, आणि त्याशिवाय बागेतल्या सगळ्या झटापटी टिपत राहायचे. हा भागाकार कोणत्याही समीक्षकाने कागदाच्या कोपऱ्यात करून पाहिला असता तरी निबंध तिथेच थांबला असता. तो कोणी केला नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि त्या नियतकालिकाने ती पचवलीच पाहिजे. ज्या विषयात लेखकाचा निष्कर्ष आपल्या आधीच्या समजुतींना गोंजारतो तिथे वाचणारा सैल पडतो, ही लिंडसे यांची टीका इथे लागू पडते. मात्र प्रकाशकाने ऑगस्टमध्येच लेखिकेच्या ओळखीबद्दल शंका जाहीर केली होती, समाजमाध्यमांवरच्या वाचकांनी त्या निबंधावर बोट ठेवले होते, 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या पत्रकाराने चौकशी सुरू केली होती, आणि त्यामुळेच तिघांना ठरल्याआधी प्रयोग थांबवून सगळे जाहीर करावे लागले. निबंध पुढे मागे घेतला गेला.

संदेशाचा शेवट मात्र मी सोडून देऊ शकत नाही, कारण नुकसान तिथे आहे. परदेशातल्या चार छापील निबंधांवरून इथल्या मुलीला 'तुझा विषय थोतांड आहे' असे सांगितले जाते. आपल्याकडे हा विषय कसा उभा राहिला ते सांगणाऱ्याला ठाऊक नाही. १९७१ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. १९७४ च्या तिच्या अहवालाने जनगणनेतल्या एका आकड्याकडे देशाचे लक्ष वेधले : १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या आणि १९७१ मध्ये ९३० उरल्या होत्या. तो आकडा जनगणनेच्या तक्त्यांत दर दहा वर्षांनी छापला जात होता, माझ्यासारख्या आकडेवारीच्या माणसांच्या डोळ्यांसमोर होता, आणि तो प्रश्न म्हणून वाचायला हवा हे आम्हाला सुचले नव्हते. १९७४ मध्येच मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे देशातले पहिले संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे गर्भलिंगनिदानाविरुद्ध कार्यकर्त्यांनी, डॉक्टरांनी आणि अभ्यासकांनी मिळून मोहीम चालवली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला.

माझ्या भाचीला ऊसतोड करणाऱ्या बायकांवर काम करायचे आहे. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. दर सहा बायकांमागे जवळजवळ एक. हा छेद आहे आणि हा अंश आहे. यात कोणते नियतकालिक फसले आणि कोणते नाही याचा काही संबंध नाही. या बायका एवढ्या कमी वयात शस्त्रक्रियेला का तयार होतात, पाळीमुळे खाडा पडला की मुकादमाचा दंड किती बसतो, कोपीवर पाण्याची आणि आडोशाची सोय काय असते, कोणता डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो, हे विचारायला कोणीतरी फडावर जाऊन बसावे लागते आणि खरोखर हजार तास बसावे लागते. त्या बसण्याला, ऐकण्याला आणि मोजण्याला जी शिस्त लागते, ती भाचीला शिकायची आहे.

मेहुण्यांना हे सगळे मी रविवारी फोनवर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "नोकरीचं काय?" मला वाटते त्यांच्या मनात सुरुवातीपासून हाच प्रश्न होता आणि संदेश हाताशी आला म्हणून त्यांनी तो पुढे केला. प्रश्न रास्त आहे, आणि पुढच्या रविवारी भाचीला सोबत बसवून आम्ही त्यावर बोलणार आहोत. ज्या तीन गटांवर तो संदेश मला आला तिथे मी हे उत्तर टाकले आहे, आणि ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनी निदान 'छापले' हा शब्द आणि 'वीस' हा आकडा तिथल्या तिथे दुरुस्त करावा, अशी त्यांना विनंती केली आहे.